बहात्तर टक्क्यांनी नेमकं कशाला घटनाबाह्य म्हटलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेत गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने केलेल्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी सांगितलं, की ओबामांच्या आरोग्य कायद्यातली विमा घेण्याची सक्ती घटनाबाह्य आहे. घटनेला धरून आहे म्हणणारे होते फक्त २० टक्के. चारच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती कायम ठेवली. मग न्यायालय लोकांच्या विरोधात गेलं का? आणि घटनेसारख्या विषयावर अशा पाहण्यांना काही अर्थ असतो का?

आधी सरळ उत्तर देतो. बातम्यांवरून वाटतं तितकं न्यायालय लोकांच्या विरोधात गेलेलं नाही. लोकांना जो प्रश्न विचारला होता, त्याला नऊपैकी पाच न्यायमूर्तींनीही 'घटनाबाह्य' असंच उत्तर दिलं. कायदा तरला तो दुसऱ्या प्रश्नावर, आणि तो दुसरा प्रश्न पाहणीत विचारलाच नव्हता. पाहणीला अर्थ नक्की असतो, पण तो मिळवायचा तर टक्क्यांच्या आधी प्रश्नाचे शब्द वाचावे लागतात.

आता सक्ती म्हणजे काय होती ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमध्ये असं कलम होतं, की १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येकाकडे किमान दर्जाचा आरोग्य विमा असला पाहिजे आणि नसेल तर आयकर विवरणपत्रासोबत दंड भरला पाहिजे. हे कलम महसूल संहितेत ५०००-ए या क्रमांकाने घातलं गेलं. हा पत्ता लक्षात ठेवा, पुढे निकाल त्याच्यावरच फिरतो. दंड २०१४ साली प्रौढ माणसामागे ९५ डॉलर किंवा विवरणपत्राच्या मर्यादेवरच्या (म्हणजे ज्या रकमेपुढे विवरणपत्र भरावंच लागतं तिच्यावरच्या) उत्पन्नाचा १ टक्का, यांतली मोठी रक्कम. २०१५ ला ३२५ डॉलर किंवा २ टक्के, २०१६ पासून ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के. मुलांसाठी ठरावीक रक्कम निम्मी, आणि या ठरावीक रकमेला कुटुंबामागे तीन प्रौढांइतकी मर्यादा.

उदाहरण घ्या. २०१६ साली वर्षभर विमा नसलेला, ४०,००० डॉलर मिळवणारा एकटा माणूस. त्या वर्षी एकट्या माणसाची विवरणपत्राची मर्यादा होती १०,३५० डॉलर. उरलेल्या २९,६५० चे अडीच टक्के म्हणजे साधारण ७४१ डॉलर. हे ६९५ पेक्षा जास्त, म्हणून दंड ७४१. न भरल्यास तुरुंग नाही, फौजदारी खटला नाही, घरादारावर जप्ती नाही. आयकराचा परतावा यायचा असेल तर त्यातून रक्कम वळती व्हायची, एवढंच. शिवाय सूट मिळणारेही पुष्कळ होते: उत्पन्न विवरणपत्राच्या मर्यादेखाली असलेले, स्वस्तातला विमाही उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांवर जाणारे, तीन महिन्यांहून कमी खंड पडलेले, तुरुंगातले, मूलनिवासी जमातींचे, ठरावीक धार्मिक पंथांचे. प्रत्यक्षात २०१४ च्या विवरणपत्रांत सुमारे ८० लाख करदात्यांनी दंड दाखवला, सरासरी २१० डॉलर. पुढच्या वर्षी सुमारे ६५ लाखांनी, सरासरी ४७० डॉलर.

हे कलम घातलं का, तर त्याच कायद्याने विमा कंपन्यांना आधीपासूनचा आजार असलेल्यांना नाकारायला आणि त्यांच्याकडून जास्त हप्ता घ्यायला बंदी केली. एवढंच केलं आणि बाकी मोकळं सोडलं, तर माणूस आजारी पडेपर्यंत थांबतो आणि मग विमा घेतो. विमा घेणाऱ्यांत आजारीच उरतात, हप्ता वाढतो, वाढला की उरलेसुरले निरोगी बाहेर पडतात. न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून सर्वांना एकच हप्ता लावला, सक्ती केली नाही. तिथे स्वतःहून विमा घेणाऱ्यांची बाजारपेठ आक्रसत गेली आणि हप्ते देशातल्या सर्वांत चढ्या हप्त्यांत गणले जाऊ लागले. जनमताच्या दृष्टीने पेच इथेच आहे. आधीच्या आजाराबद्दलची बंदी दोन्ही पक्षांच्या मतदारांना हवी होती, आणि तिला टेकू देणारी सक्ती मात्र कायद्यातली सर्वांत नावडती तरतूद होती.

आता 'घटनाबाह्य' या शब्दाकडे येऊ. मराठी वाचकाने इथे सावध राहावं, कारण आपल्या मनातली चौकट वेगळी असते. भारतात केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत आणि त्यांत न बसलेला विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो. अमेरिकेत उलटं आहे. केंद्राला घटनेत लिहून दिलेले तेवढेच अधिकार, उरलेलं सगळं दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा लोकांकडे. त्यामुळे तिथे केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवायला दरवेळी मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागत नाही. 'हा अधिकार केंद्राला दिलाय कुठे?' एवढा प्रश्नही पुरतो. सक्तीच्या बाजूने वाहन विम्याचं उदाहरण त्या काळात हरघडी दिलं जायचं. ते फसतं ते दोन ठिकाणी: गाडी न घेणाऱ्याला तो विमा लागत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं, अमेरिकेत वाहन विम्याची सक्ती राज्यांची आहे, केंद्राची नाही.

सरकारचा मुख्य आधार होता आंतरराज्य व्यापाराचं नियमन करण्याचा अधिकार. या कलमाची व्याप्ती न्यायालयाने पूर्वी फार ताणली होती. १९४२ च्या विकर्ड विरुद्ध फिलबर्न खटल्यात ओहायोतल्या शेतकऱ्याने स्वतःच्या वापरासाठी पिकवलेला जादा गहूसुद्धा त्यात आला. १९९५ आणि २००० सालच्या लोपेझ आणि मॉरिसन निकालांनी मर्यादा आखली, २००५ च्या रेच निकालाने पुन्हा सैल केली. विरोधकांनी नवा मुद्दा काढला: फिलबर्न निदान काहीतरी करत होता, इथे काहीच न करणाऱ्याला खरेदी करायला लावताय. आज विमा, उद्या ब्रोकोली. ब्रोकोलीचा दाखला खटल्यात आणि चर्चेत इतका चालला, कारण सामान्य माणसाला तो तत्काळ कळतो. आणि कायदेपंडितही एकमताचे नव्हते. ३१ जानेवारी २०११ ला फ्लोरिडातले न्यायाधीश रॉजर व्हिन्सन यांनी अख्खा कायदा रद्द ठरवला, त्याच्या वरच्या केंद्रीय अपील न्यायालयांपैकी अकराव्या सर्किटने ऑगस्टमध्ये फक्त सक्ती रद्द केली, सहाव्या आणि कोलंबिया सर्किटने ती वैध धरली. म्हणून ७२ टक्क्यांना 'लोकांना घटना कळत नाही' म्हणून उडवून लावणं मला मुळीच पटत नाही.

तरीही त्या ७२ टक्क्यांत काय मिसळलंय ते वेगळं काढायला हवं. प्रश्नाचा गाभा असा होता: प्रत्येक अमेरिकनाने विमा विकत घ्यावा नाहीतर दंड भरावा, ही अट घटनेला धरून आहे की घटनाबाह्य? यात 'विकत घ्यावा' आणि 'दंड' हे दोन जड शब्द आहेत. सूट, ऐपतीची अट, नोकरीतून मिळणारा विमा यांचा उल्लेख नाही. कर हा शब्द नाही. केंद्र की राज्य हा भेद नाही. अशा वेळी बहुतेक माणसं घटनेच्या पहिल्या कलमातला आठवा परिच्छेद, म्हणजे केंद्राच्या अधिकारांची यादी, आठवत बसत नाहीत. ती स्वतःला विचारतात, 'सरकारने मला हे करायला लावावं का?' आणि मनातलं 'लावू नये' हे 'घटनाबाह्य' या पर्यायावर खूण करून सांगतात. ही बेइमानी नाही. समोर ठेवलेल्या दोन पर्यायांतून आपली भावना सांगायचा तोच एक मार्ग असतो. याचा पुरावा त्याच पाहणीत आहे: ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांपैकी ५६ टक्के लोकांनीही 'घटनाबाह्य' म्हटलं. कायदा मुळात रद्द व्हावा का, यावर मात्र देश जवळपास निम्मा-निम्मा होता. म्हणजे सक्ती घटनाबाह्य मानणारे पण कायदा राहू द्या म्हणणारे लोक लाखोंनी होते, आणि 'ओबामांचा कायदा ७२ टक्क्यांना नको' असा मथळा चुकीचाच ठरतो.

शब्द बदलले की आकडे किती हलतात ते आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशनच्या कामात उत्तम दिसतं. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी विचारलं, न्यायालयाने कसा निकाल द्यावा? घटनाबाह्य म्हणणारे ५४ टक्के, घटनात्मक म्हणणारे १७. गॅलपच्या प्रश्नात कुठलीच बाजू न घेणारे जेमतेम ८ टक्के होते, इथे ते तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ गेले. दोन्हीकडे विरोध पाठिंब्याच्या तिपटीहून अधिक आहे, तेव्हा दिशा पक्की. पण 'मत ठरलेलं नाही' असे लोक प्रश्नाच्या घडणीनुसार दिसतात किंवा लपतात.

कैसरचा दुसरा प्रयोग तर याहून बोलका आहे. आधी सक्तीबद्दल मत विचारायचं. पाठिंबा साधारण एक तृतीयांश. मग विरोधकांना सांगायचं, की बहुतेकांना नोकरीतून विमा मिळतोच, त्यामुळे त्यांची अट आपोआप पुरी होते. आता काय वाटतं? पाठिंबा साठ टक्क्यांच्या आसपास जातो. उलट समर्थकांना सांगितलं, की काहींना महागडा विमा मनाविरुद्ध घ्यावा लागेल, की त्यांचाही पाठिंबा ओसरतो. एका वाक्याने पंचवीस-तीस टक्के हलतात, याचा अर्थ मत खोटं आहे असा नाही. पुष्कळ लोकांना ही सक्ती आपल्याला जाणवणारच नाही हे ठाऊक नव्हतं, असा आहे. नावाचाही परिणाम होतो. सप्टेंबर २०१३ च्या सीएनबीसी पाहणीत 'ओबामाकेअर'ला ४६ टक्क्यांचा विरोध होता, 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'ला ३७ टक्क्यांचा. कायदा एकच.

२६ ते २८ मार्च २०१२ असे तीन दिवस युक्तिवाद चालला आणि २८ जूनला निकाल आला. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी व्यापाराच्या अधिकाराखाली ही सक्ती बसत नाही असं स्पष्ट लिहिलं. काही न करणाऱ्याला व्यापारात ओढण्याचा अधिकार केंद्राला नाही. स्कॅलिया, केनेडी, थॉमस आणि अलिटो यांचंही या मुद्द्यावर तेच मत, म्हणजे पाच. मग रॉबर्ट्स यांनी ५०००-ए कडे पाहिलं. रक्कम महसूल खात्याकडे जाते, विवरणपत्रासोबत भरली जाते, उत्पन्न आणि अवलंबितांवर ठरते, विम्याच्या खर्चापेक्षा बहुतेकांना पुष्कळ कमी पडते, आणि न भरणं हा गुन्हा नाही. कायद्यात 'दंड' लिहिलं असलं तरी कामाने हा कर आहे, आणि कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आहे. या मुद्द्यावर गिन्सबर्ग, ब्रेयर, सोटोमायोर आणि केगन त्यांच्या बाजूने, म्हणून पाच विरुद्ध चार. त्याच निकालात मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या विस्तारासाठी राज्यांवर आणलेला आर्थिक दबाव मात्र सात विरुद्ध दोन मतांनी अमान्य झाला.

कराच्या या मुद्द्यावर जनमत जवळजवळ तयारच झालं नव्हतं, आणि त्याला राजकीय कारण आहे. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामांनी स्वतः दूरदर्शन मुलाखतीत हा कर असल्याचं ठामपणे नाकारलं होतं. तेव्हापासून लोकांनी 'आदेश' आणि 'दंड' हेच शब्द ऐकले. त्यांनी त्या शब्दांना उत्तर दिलं आणि पाच न्यायमूर्तींनीही त्या शब्दांना तेच उत्तर दिलं. २८ जूनच्या सकाळी सीएनएन आणि फॉक्स या दोन्ही वाहिन्यांनी निकालपत्राचा पहिला भाग वाचून सक्ती रद्द झाल्याची बातमी दिली आणि काही मिनिटांत ती मागे घेतली. ही घाईतली चूक होतीच. पण तो भाग तसाच लिहिलेला होता हेही तितकंच खरं.

निकालानंतर गॅलपने विचारलं तेव्हा सहमत ४६ टक्के आणि असहमत ४६ टक्के. चार महिन्यांत ७२ चे ४६ झाले, न्यायालयाने लोकांचं मन वळवलं, असं वाचू नका. पहिला प्रश्न एका कलमाचा होता, दुसरा अख्ख्या निकालाचा, आणि त्यात पक्षनिष्ठा उतरली. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत तर सुमारे ४५ टक्के लोकांना निकाल काय लागला हे ठाऊक नव्हतं किंवा चुकीचं ठाऊक होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाबद्दलची रिपब्लिकनांची पसंती एकदम घसरली आणि डेमोक्रॅटांची चढली.

अशी पाहणी स्वतः वाचताना किंवा घेताना काय तपासायचं? नमुना सुमारे १,००० चा असेल तर कागदावर त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३.१ टक्के येते. नमुना लोकसंख्येशी जुळवायला वजनं लावल्यावर ती खरी ४ च्या जवळ जाते. पण पक्षनिहाय आकडे साधारण तीनशे जणांवर बेतलेले असतात आणि तिथे मर्यादा पावणेसहाच्या आसपास, म्हणून '५६ टक्के डेमोक्रॅट' हे बहुमत आहे असं छातीठोकपणे म्हणताना जपून. ७२ विरुद्ध २० ला मात्र त्रुटीच्या मर्यादेने काही फरक पडत नाही. तिथे धोका शब्दांचा असतो, आणि नमुना दहापट केला तरी तो कमी होत नाही. त्या काळात फोनचाही धोका होता: अमेरिकेत एक तृतीयांशाहून अधिक घरांत फक्त मोबाइल होता आणि मोबाइलला संमतीशिवाय यंत्राने आपोआप फोन लावायला कायद्याने मनाई होती. त्यामुळे केवळ यंत्राने घरगुती फोन लावणाऱ्या पाहण्यांतून तरुण आणि भाडेकरू निसटायचे, आणि विमा नसलेले नेमके त्यांच्यातच जास्त.

शब्दांचा परिणाम मोजायचा असेल तर नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा फोडा. ५०० जणांना 'विकत घ्यावा नाहीतर दंड भरावा', ५०० जणांना 'विमा नसणाऱ्यांनी जादा आयकर भरावा'. गटामागे ५०० असतील तर सहा-सात टक्क्यांच्या वरचा फरक खरा धरता येतो. गटामागे २०० मध्ये दहाच्या आतलं काहीच सांगता येत नाही. 'आवडतं का' आणि 'घटनेत बसतं का' हे दोन वेगळे प्रश्न ठेवा आणि आवडीचा आधी विचारा. माणसाला 'मला हे नको' म्हणायला जागा मिळाली की तो दुसऱ्या प्रश्नाचा वेगळा विचार करू शकतो. 'मत नाही' हा पर्याय तोंडाने वाचून दाखवा. आणि शेवटी, आधी कधीच नाही, माहितीचा एक प्रश्न: तुमचा सध्याचा विमा या कायद्याने पुरेसा धरला जातो का? हा आधी विचारलात तर बाकीची सगळी उत्तरं त्याच्या रंगात न्हातात.

पुढचा इतिहास चटकन सांगतो. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंड शून्य केला. मग टेक्सासच्या पुढाकाराने काही राज्यांनी म्हटलं, की शून्य डॉलर हा कर असूच शकत नाही, म्हणून सक्ती आणि तिच्यासोबत सारा कायदा घटनाबाह्य. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी ते मान्य केलं. १७ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की शून्य दंडाने तुमचं नुकसानच होत नाही, तेव्हा दावा लावण्याचा अधिकार नाही. घटनात्मक प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही. आणि दंड गेल्यावर बाजार कोसळेल ही भीतीही खरी ठरली नाही, कारण हप्त्यासाठी मिळणारी सरकारी मदत कायम होती.

राज्यांच्या सक्त्या मात्र चालू आहेत. मॅसॅच्युसेट्सची तेव्हाचे गव्हर्नर रॉम्नी यांच्या २००६ च्या कायद्यापासून, न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन डीसीची २०१९ पासून, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडची २०२० पासून. व्हरमाँटमध्ये सक्ती आहे पण दंड नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि 'दंड गेला' एवढंच ऐकून काहीजण नोकरी बदलताना बेफिकीर राहतात. तीन महिन्यांहून कमी खंड साधारण चालतो, त्यापुढे राज्याच्या विवरणपत्रात रक्कम लागते. प्रवासी विमा किंवा अल्पमुदतीचा विमा पुरेसा धरला जात नाही. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना ही सक्ती लागू नसते, ते रहिवासी नसतात.

या राज्यांमध्ये हुकूम तोच आहे, दंडही त्याच पद्धतीचा आहे, आणि तरी २०१२ चा घटनात्मक आक्षेप तिथे लागू पडत नाही, कारण राज्याला अधिकार लिहून दिलेला असावा लागत नाही. म्हणून मूळ ७२ टक्क्यांचं कोडं सोडवायचं तर मी त्याच नमुन्याला आणखी एक प्रश्न जोडला असता: हीच सक्ती तुमच्या राज्याने केली तर ती घटनेला धरून असेल का? इथेही सत्तरच्या आसपास आकडा आला, तर लोक स्वतःच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत होते. तो चाळिसावर उतरला, तर केंद्राच्या मर्यादेबद्दल.